पुंजवाद आणि परमार्थ

गणेशोत्सवातल्या किंवा वसंत व्याख्यानमालेतल्या एखाद्या व्याख्यानाला तुम्ही गेला असाल, तर पुढचे वाक्य तुमच्या कानांवरून नक्की गेले असेल. वक्ता वेदान्तावर बोलत असतो. रात्र बरीच झालेली असते, मंडळी जरा पेंगुळलेली असतात. तेवढ्यात वक्ता आवाज चढवून म्हणतो, "आपल्या ऋषींनी जे सांगितले, तेच आज पाश्चात्त्यांचे क्वांटम फिजिक्स सिद्ध करीत आहे!" झाले, टाळ्यांचा कडकडाट होतो. आपणही टाळ्या वाजवतो. पण घरी परतताना, चप्पल घालता घालता, मनात येते: नेमके काय सिद्ध झाले? कोणी केले? आणि केव्हा?

ही शंका काढणे म्हणजे श्रद्धेचा अवमान नव्हे. उलट श्रद्धा आणि विज्ञान या दोहोंचा मान राखायचा, तर असे विचारलेच पाहिजे. आणि बरे म्हणजे, त्याचे उत्तर शोधायला अवघड गणित लागत नाही. कोण काय म्हणाला, केव्हा म्हणाला, आणि त्याआधी त्याने काय वाचले होते, एवढे सालवार लावून पाहिले म्हणजे पुष्कळ धुके विरते. तेच काम आज तुमच्या सोबतीने करायचे आहे.

14 डिसेंबर 1900 या दिवशी बर्लिन येथे जर्मन पदार्थविज्ञान संस्थेच्या सभेत माक्स प्लँक यांनी एक निबंध वाचला. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे आणि उष्णतेचे कोडे जुन्या नियमांनी सुटत नव्हते. प्लँक यांनी असे धरून चालले की, ऊर्जेची ही देवघेव सलग धारेने होत नाही, ठरावीक मापाच्या पुंजक्यांनी होते. दूध आपण हवे तेवढे मापून घेतो. नारळ मात्र अख्खाच घ्यावा लागतो. ऊर्जेचे हे नारळासारखे झाले. या पुंजक्याला लॅटिन भाषेवरून क्वांटम हे नाव मिळाले, आणि आपल्याकडे पुंज. पुढे 1905 साली आइन्स्टाइन यांनी हीच कल्पना प्रकाशाला लावली, 1913 साली नील्स बोर यांनी ती अणूच्या रचनेला लावली, आणि 1925 ते 1927 या तीन वर्षांत हायझेनबर्ग, श्रोडिंजर, बोर्न, डिरॅक आदी मंडळींनी तिचे पुरे शास्त्र बनवले.

आता इथेच पहिली गंमत आहे. प्लँक हे स्वतः धर्मशील गृहस्थ. बर्लिनमधल्या आपल्या चर्चच्या पंचमंडळात ते 1920 पासून अखेरपर्यंत होते, आणि 1937 साली त्यांनी धर्म आणि विज्ञान या विषयावर व्याख्यानही दिले. पण पुंजवादाने कार्यकारणाची साखळी तुटली, आता देवाला आत यायला वाट झाली, असे ते कधी म्हणाले नाहीत. कार्यकारणभाव अभंग आहे, हाच त्यांचा विश्वास कायम राहिला. ज्यांच्या हातून हे शास्त्र जन्मले, त्यांची देवावरची श्रद्धा या शास्त्राच्या आधारावर उभी नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

जरा मागे जाऊ. पदार्थविज्ञानाला साक्षीला बोलावण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. न्यूटन यांनी 1687 साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रह सूर्याभोवती फिरतात, तसे ते एकमेकांनाही थोडे थोडे ओढतात. या ओढाताणीने कालांतराने सगळी घडी विसकटेल, आणि मग ईश्वराला ती पुन्हा नीट बसवावी लागेल, असे न्यूटन यांना वाटे. म्हणजे आकाशात देवाला एक काम नेमून दिलेले होते. लायप्निझ यांनी 1715 साली यावर टोला मारला, की हा कसला घड्याळजी, ज्याला आपले घड्याळ वरचेवर दुरुस्त करावे लागते! पुढे 1785 च्या सुमारास लाप्लास यांनी दाखवून दिले की, गुरू आणि शनी यांच्या चालीतला बिघाड हा बिघाडच नव्हे. सुमारे नऊशे वर्षांच्या फेऱ्यात तो आपला आपणच भरून निघतो. झाले, देवाचे ते काम गेले!

पण गंमत पुढेच आहे. लाप्लास यांनी 1814 साली असे मांडले की, विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची प्रेरणा एखाद्या बुद्धीला कळली, तर तिला सारा भूतकाळ आणि सारा भविष्यकाळ डोळ्यांपुढे दिसेल. यावरून पुढच्या जडवाद्यांनी घोषणा केली, की मग इच्छास्वातंत्र्य नाही, आत्मा नाही, देव नाही. बघा हं, गणित होते ग्रहांचे आणि निकाल लावला आत्म्याचा! एका बाजूने जी चूक केली, तीच दुसऱ्या बाजूनेही केली. विज्ञानाने जे विचारलेच नव्हते, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घातले.

या पार्श्वभूमीवर 1927 साल उजाडले. वेर्नर हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. इलेक्ट्रॉनसारख्या कणाची जागा जितकी नेमकी ठरवावी, तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, अनिश्चित होतो. दोन्ही एकाच वेळी हवे तितके नेमके असू शकत नाहीत. ही अनिश्चितता केवढी, हेही समजून घेतले पाहिजे, कारण व्याख्यानात ते कोणी सांगत नाही. क्रिकेटच्या चेंडूची जागा केसाच्या जाडीइतकी नेमकी ठरवली, तर त्याच्या वेगात या तत्त्वामुळे राहणारी अनिश्चितता ही सेकंदाला एक मीटर या वेगाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी भरते. अणूच्या घरात राज्य करणारे हे तत्त्व चेंडूपाशी आले की नाममात्र उरते.

तरीही लाप्लास यांची ती सर्वज्ञ बुद्धी तत्त्वतः पदच्युत झाली, यात शंका नाही. आणि ज्यांना त्या यंत्रवादाने शंभर वर्षे जखडून टाकल्यासारखे वाटत होते, त्यांना केवढे हायसे वाटले! इंग्लंडातले थोर ज्योतिर्विद आर्थर एडिंग्टन यांनी 1927 च्या आरंभी एडिंबरा येथे गिफर्ड व्याख्याने दिली, आणि 1928 साली त्यांचे पुस्तक निघाले. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात प्रकाश वाकतो हे दाखवून देणाऱ्या मोहिमेचे हेच धुरीण. पंथाने क्वेकर, वृत्तीने साधे आणि भाविक. त्यांनी त्या पुस्तकात अर्धवट थट्टेने असे लिहिले की, समंजस विज्ञाननिष्ठ माणसाला धर्म मानणे प्रथम शक्य झाले ते 1927 च्या सुमारास, असाही निष्कर्ष कोणी काढील. एवढे एक वाक्य जगभर गाजले. पण त्याच पुस्तकात, विज्ञानाच्या आधाराने धर्माची तत्त्वे सिद्ध करण्याची कल्पना आपल्याला मुळीच मान्य नाही, असेही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते. ते वाक्य मात्र कोणी व्यासपीठावरून म्हणून दाखवत नाही.

एडिंग्टन यांची आणखी एक गोष्ट लोकांच्या मनात भरली. आपण ज्या फळीवर पाय ठेवतो ती खरे पाहता बहुतेक पोकळीच आहे, असे ते म्हणत. अणूत मोकळी जागाच फार. यावरून जग मिथ्या आहे हे सिद्ध झाले, असे अनेकांना वाटले. लंडनच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका सुझन स्टेबिंग यांनी 1937 साली याचा चोख समाचार घेतला. त्यांचे म्हणणे साधे होते. घट्ट, भरीव हा शब्द आपण शिकलो कशावरून? फळीवरून, दगडावरूनच ना? मग फळीच भरीव नाही म्हटले, तर भरीव या शब्दाला अर्थ काय उरला? फळी भरीव आहेच. ती आतून कशी भरीव आहे, एवढेच विज्ञान सांगते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, मायावादाला जे मिथ्यात्व अभिप्रेत आहे त्याचा अणूतल्या रिकाम्या जागेशी काही संबंध नाही. अणू अगदी ठासून भरलेला निघाला असता, तरी शंकराचार्यांना आपल्या भाष्यात एक अक्षर बदलावे लागले नसते.

आता ज्यांचे नाव आपल्याकडे सर्वांत जास्त घेतले जाते, त्या एर्विन श्रोडिंजर यांच्याकडे वळू. त्यांना वेदान्त मनापासून प्रिय होता, ही गोष्ट शंभर टक्के खरी. पण तो त्यांच्यापर्यंत पोचला कसा, ही हकिकत ऐकण्याजोगी आहे. शहाजहानचा थोरला मुलगा दारा शुकोह याने काशीचे पंडित जमवून सुमारे पन्नास उपनिषदांचे फार्सी भाषांतर 1657 साली पुरे केले. दोन वर्षांनी औरंगजेबाने त्याचा वध करवला. ग्रंथ मात्र जगला. त्या फार्सी हस्तलिखितावरून आंकतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने लॅटिन भाषांतर केले, ते 1801-02 साली छापून निघाले. ते लॅटिन पुस्तक जर्मनीत शोपेनहाउअर यांच्या हाती पडले आणि जन्मभर त्यांच्या उशाशी राहिले. आणि शोपेनहाउअर यांच्या ग्रंथांतून, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास, ते विचार व्हिएन्नाच्या तरुण श्रोडिंजर यांच्या मनात उतरले. संस्कृत, फार्सी, लॅटिन, जर्मन अशी ही चार भाषांची यात्रा!

आता साले पाहा. विश्वातले चैतन्य एकच आहे, अनेक जीव हा आभास आहे, हा आपला विचार श्रोडिंजर यांनी 1925 च्या शरदात एका निबंधात लिहून काढला. त्याच वर्षीच्या नाताळात ते स्वित्झर्लंडमधल्या अरोसा या गावी गेले, आणि ज्या समीकरणाने त्यांचे नाव अमर झाले ते तिथे आकाराला येऊन 1926 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वेदान्त आधी, समीकरण नंतर. समीकरणावरून त्यांना वेदान्त पटला, हे म्हणणे तारखेलाच धरून नाही. बरे, मग वेदान्तातून समीकरण निघाले का? तेही नाही. ते निघाले लुई द ब्रॉइ यांच्या कणांच्या लहरींच्या कल्पनेतून आणि हॅमिल्टन यांच्या जुन्या गणितातून. तो 1925 चा निबंध त्यांनी दुसऱ्या एका लेखाबरोबर छापायला दिला, आणि तो प्रसिद्ध झाला थेट 1961 साली, ज्या वर्षी ते निवर्तले त्याच वर्षी. छत्तीस वर्षे एकाच माणसाच्या घरात दोन वह्या निरनिराळ्या राहिल्या!

याहून मोठे नवल तर पुढेच आहे. 1943 साली डब्लिन येथे त्यांनी जीवन म्हणजे काय, या विषयावर व्याख्याने दिली. 1944 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या शेवटी त्यांनी आत्मा आणि ब्रह्म एकच, हा उपनिषदांचा सिद्धांत आदराने मांडला आहे. पण कशाच्या आधाराने? अनिश्चिततेच्या? मुळीच नाही. ते म्हणतात, माझे शरीर निसर्गनियमांनी चालणारे यंत्र आहे, आणि मनोव्यापारांशी निगडित अशा घडामोडींत पुंजवादातली अनिश्चितता काही महत्त्वाचे काम करीत नाही. तरीही त्या शरीराच्या हालचालींचा कर्ता मी आहे, असा मला अनुभव येतो. मग हा मी कोण? या दोन गोष्टींचा मेळ घालताना ते उपनिषदांपाशी पोचतात. म्हणजे ज्या अनिश्चिततेच्या जोरावर आपले वक्ते वेदान्त सिद्ध करू पाहतात, ती बाजूला सारून या शास्त्रज्ञाने वेदान्त स्वीकारला होता!

इच्छास्वातंत्र्याबद्दल तर त्यांनी 1951 सालच्या एका पुस्तकात आणखी स्पष्ट लिहिले. अणू लहरी वागतात म्हणून माणूस स्वतंत्र, हा युक्तिवाद त्यांनी फेटाळून लावला. का, ते आपण आपल्या उदाहरणाने पाहू. रेडियमचा एखादा अणू आज फुटेल की हजार वर्षांनी, हे कोणी सांगू शकत नाही. पण सोळाशे वर्षांत त्यातले निम्मे अणू फुटणार, हे ठाम. आता समजा, मी कोणाला संकटात मदत केली ती माझ्या मेंदूत असा एक अणू अवचित फुटला म्हणून. मग त्यात माझे पुण्य ते काय? ती सोडत झाली, सत्कृत्य नव्हे. ज्याला नीतीची जबाबदारी हवी, त्याला यदृच्छेची मदत काही कामाची नाही.

आता दोन लहान गोष्टी, कारण त्या वारंवार ऐकू येतात. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या बोलण्यातून हायझेनबर्ग यांना अनिश्चिततेचे तत्त्व सुचले, असे सांगतात. दोघे भेटले हे खरे, पण केव्हा? 1929 च्या ऑक्टोबरात, कलकत्त्याला. तत्त्व तर 1927 सालीच छापून आले होते. त्या भेटीने त्यांना आपल्या कल्पना तितक्या विचित्र नाहीत असा धीर आला असेल, आणि तेही थोडे नव्हे; पण धीर वेगळा, पुरावा वेगळा.

दुसरी गोष्ट बोर यांची. 1947 साली त्यांना डेन्मार्कचा मोठा राजसन्मान मिळाला, तेव्हा आपल्या मानचिन्हावर त्यांनी चिनी परंपरेतले यिन आणि यांग यांचे वर्तुळ घेतले. सुंदर कल्पना! पण चीनची त्यांची यात्रा झाली 1937 साली, आणि परस्परपूरकतेचा विचार त्यांनी मांडला होता 1927 सालीच. शिवाय 1937 साली बोलोन्या येथे बोलताना त्यांनी बुद्ध आणि लाओत्से यांची नावे आदराने घेतली आणि लगेच बजावले, की हे साम्य तर्काच्या रचनेपुरते आहे. त्यावरून अणुविज्ञानाने गूढवाद स्वीकारला असे समजू नये. 2004 साली भारत सरकारने जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेला नटराजाची मूर्ती भेट दिली, तीही याच दृष्टीने पाहावी. उपमा म्हणून ती फार अर्थपूर्ण आहे. पण उपमेने काव्य होते, प्रमेय होत नाही.

तुम्ही म्हणाल, पण पाहणाऱ्यामुळे वस्तू बदलते, हे तर पुंजवादच सांगतो ना? मग चैतन्य श्रेष्ठ ठरले की नाही? इथे पाहणे हा शब्द आपल्याला फसवतो. प्रयोगशाळेत पाहतो तो डोळा नव्हे, उपकरण. फोटोची काच, कण मोजणारे यंत्र, यांच्याशी कणाचा संबंध आला की नोंद होते. त्या वेळी खोलीत कोणी माणूस असो वा नसो. नोबेल पारितोषिक मिळवणारे युजीन विग्नर यांनी 1961 च्या सुमारास, या कामी जाणिवेचा हात असावा, असे सुचवले होते खरे. पण पुढे त्यांनी स्वतःच ते मत सोडले. पुंजवादाच्या समीकरणांचा अंतिम अर्थ काय, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र वाद चालू आहे याचा अर्थ निकाल आपल्या बाजूने लागला, असा होत नाही.

तसेच त्या जोडलेल्या कणांचे. जॉन बेल यांनी 1964 साली एक कसोटी काढली. पुढे प्रयोगांनी दिसले की, दूर दूर नेलेल्या दोन कणांची मापे अशी जुळतात, की जुन्या समजुतीने त्याचा उलगडा होत नाही. या कामाबद्दल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना 2022 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अद्भुत आहे हे. पण या जुळणीतून एका अक्षराचाही निरोप धाडता येत नाही. मग मनोमन संदेश, दुरून आशीर्वाद, दुरून रोगनिवारण यांना तिचा आधार कसा मिळणार?

आणि रोगनिवारण म्हटले, की हा विषय नुसत्या चर्चेचा राहत नाही. क्वांटम हा शब्द आज बाजारात विकला जातो. 2021 च्या डिसेंबरात नेदरलंड्सच्या अणुसुरक्षा खात्याने दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचे जाहीर केले आणि त्या अंगावर वापरू नका, असा इशारा दिला. त्यांत क्वांटम नावाचे एक लॉकेट होते, आणि लहान मुलांची कंकणेही होती. लहरींपासून रक्षण व्हावे म्हणून लोकांनी जे अंगावर घातले, तेच किरण सोडत होते! आजाऱ्याच्या खाटेशी बसलेला माणूस घाबरलेला असतो. त्याला विज्ञानाचे नाव आणि अध्यात्माचा वास दोन्ही एकत्र दाखवले, की तो पैसे काढून देतो, आणि कधी कधी डॉक्टरांकडे जायला उशीर करतो. व्याख्यानातल्या टाळ्यांची ही दुसरी टोकाची किंमत आहे.

मग पुंजवादाने धर्म खोटा ठरवला का? तेही नाही. ते समीकरण आस्तिकाच्या हातून जे उत्तर देते, तेच नास्तिकाच्या हातून देते. डिरॅक धर्माचे कडवे टीकाकार होते, प्लँक भाविक होते, श्रोडिंजर वेदान्ती होते. तिघांचे गणित एकच होते. यंत्रवादाने जो निकाल लावल्याचा दावा केला होता, तो रद्द झाला. एवढे मात्र आपण खुशाल म्हणावे. त्यापुढे पदार्थविज्ञान बोलत नाही.

आणि खरे सांगू का, परमार्थाला या साक्षीची गरज तरी कुठे आहे? ज्ञानदेवांनी 1290 साली नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा प्लँक जन्माला यायला साडेपाचशेहून अधिक वर्षे अवकाश होता. ज्यांना त्यातून शांती मिळाली, त्यांना ती अणूच्या भरवशावर मिळाली नव्हती. जी श्रद्धा आज विज्ञानाच्या एका सिद्धांताला बांधली, ती उद्या तो सिद्धांत सुधारला की त्याच्याबरोबर ओढली जाईल. न्यूटन यांनी देवाला नेमून दिलेल्या कामाचे काय झाले, ते आपण पाहिलेच.

तेव्हा पुढच्या वेळी व्यासपीठावरून ते वाक्य आले, तर रागावू नका आणि हसूही नका. व्याख्यान संपल्यावर वक्त्यांना नम्रपणे एवढेच विचारा: कोणी सिद्ध केले, कोणत्या साली, आणि कोणत्या प्रयोगाने? उत्तर मिळाले तर आपल्या ज्ञानात भर पडेल. आणि नाही मिळाले, तरी उपनिषद घरी आहेच; ते उघडून त्याच्याच आधाराने वाचावे.